परिच्छेद कशासाठी? : अर्ज, पत्रक आणि लेख यांच्या निमित्ताने

आपल्या चळवळीत लेखनाविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. काय लिहावे, कोणासाठी लिहावे, प्रमाणभाषेत लिहावे की बोलीत, यांवर परिसंवाद झडले आणि ते आवश्यकही होते. परंतु लिहिलेला मजकूर कागदावर कोठे तोडावा आणि कोठे जोडावा, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाकडे आपण फारसे लक्ष दिलेले नाही. तो शाळामास्तरांचा प्रश्न आहे अशी आपली समजूत आहे. ही समजूत आपल्याला महाग पडली आहे, असे माझे मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम एक प्रसंग सांगतो. मी अकरावीत होतो. आमच्या वस्तीत साठेक घरांना मिळून एक सार्वजनिक नळ होता आणि पाणी येत असे ते मध्यरात्रीनंतर. वस्तीतल्या बायकांनी अर्ज द्यायचे ठरवले. कॉलेजात जाणारा मी एकटाच होतो. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "बाळा, तू शिकतोस ना? मग तूच लिही. आमचं सगळं लिही, काही सोडू नको." मी काही सोडले नाही. रात्रीची रांग, रांगेतली भांडणे, नळाजवळचे गटार, नगरसेवकाचे आश्वासन, बाबासाहेबांचे चवदार तळे, स्वातंत्र्याला झालेली वर्षे, सगळे दीड पानात एकसलग लिहिले. कार्यालयातल्या कारकुनाने कागद वरखाली पाहिला, पालथा करून पाहिला आणि विचारले, "हे सगळं ठीक आहे रे. पण तुम्हाला पाहिजे काय?"

मागणी अर्जात होती. पहिल्या पानाच्या अखेरीस, एका लांब वाक्याच्या पोटात ती होती. त्याला ती दिसली नाही. मला त्याचा राग आला, आणि त्याच्या स्वरात जी तुच्छता होती तिचा राग आजही आहे. परंतु पुढे माझ्या ध्यानात आले, की समोर सहृदय माणूस असता तरी त्यालाही ती मागणी शोधावीच लागली असती. साठ घरांचे दुःख मी एका गाठोड्यात बांधले आणि गाठोडे सोडण्याचे काम वाचणाऱ्यावर टाकले.

आज उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात शिकवताना तोच अर्ज मला उत्तरपत्रिकांतून पुन्हापुन्हा भेटतो. सुभाष टेकडीवरून, अंबरनाथ-बदलापूरकडून येणाऱ्या मुलामुलींपाशी सांगण्यासारखे उदंड आहे. शब्द आहेत, संताप आहे, वाचनही आहे. पण काहींची तीन पाने एकाच परिच्छेदात असतात, तर काहींचे प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर असते. मोबाईलवर लिहिण्याची सवय लागल्यापासून हा दुसरा प्रकार वाढला आहे. दोन्हींचे कारण एकच आहे. परिच्छेद हे कशाचे माप आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही.

१

'छिद्' म्हणजे तोडणे आणि 'परि' म्हणजे सभोवार. चहूबाजूंनी तोडून वेगळा केलेला भाग तो परिच्छेद. जुन्या ग्रंथांत हा शब्द संपूर्ण प्रकरणासाठी येतो. 'अभिधम्मत्थसंगह' या पाली ग्रंथाचे नऊ परिच्छेद आहेत ते याच अर्थाने. नव्या ओळीवर थोडी जागा सोडून सुरू होणारा आजचा परिच्छेद मराठीत रुजला तो छापखान्याबरोबर. मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत जात. शब्दसुद्धा तोडून लिहिण्याची रीत नव्हती. ते चालत असे, कारण लिहिणारा आणि वाचणारा बहुधा एकाच पेशातले असत. मजकुराचा साचा दोघांनाही पाठ असे. एकोणिसाव्या शतकात छापील मराठी अनोळखी वाचकांच्या हाती पडू लागली, मेजर कँडी यांच्यासारख्यांनी विरामचिन्हे रुजवली, आणि मजकूर डोळ्यांना तुटक दिसू लागला.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. परिच्छेदाची गरज अनोळखी वाचकाला असते. ज्याला आपला साचा ठाऊक नाही, आपली वस्ती ठाऊक नाही, जो आपल्या बाजूचा आहे की नाही हेही ठाऊक नाही, अशा वाचकाला लिहिताना वाट दाखवावी लागते. आपले बहुतेक लेखन अशाच वाचकाकडे जाते. अर्ज अधिकाऱ्याकडे जातो, फिर्याद पोलिसाकडे आणि तेथून न्यायालयात जाते, पत्रक रस्त्यावरच्या कोणाच्याही हातात जाते.

आमच्या गावाचेच उदाहरण देतो. उल्हासनगर ही मूळची दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना येथे आसरा दिला गेला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या छावणीचे उल्हासनगर झाले. सैन्यासाठी बांधलेल्या बराकी लांबच लांब होत्या. त्यांत भिंती घालून खोल्या झाल्या तेव्हा तेथे संसार मांडता आले. छप्पर एकच, पण प्रत्येक संसाराला स्वतःचे दार. पत्त्यात अजूनही बराक नंबर आणि खोली नंबर लिहितात. नुसत्या बराकीच्या नंबरावर पत्र नेमक्या दारी पोचत नाही. लेखाचेही तसेच आहे. विषय एक असला तरी आतल्या प्रत्येक कामाला स्वतःची खोली लागते.

तेव्हा नियम एवढाच : एका परिच्छेदाने एकच काम करावे. परिच्छेदांचे प्रकार म्हणजे या कामांचे प्रकार. ते पाठ करून गुण मिळवण्यासाठी नाहीत. 'मी आता काय करतो आहे?' हे लिहिणाऱ्याने स्वतःला विचारावे, यासाठी आहेत. आता तोच नळाचा अर्ज पुन्हा लिहायला घेऊ आणि एकेक काम वेगळे करून पाहू. पुढील नमुने या लेखासाठी रचलेले आहेत.

२

पहिले काम निवेदनाचे. जे घडले ते घडले त्या क्रमाने सांगणे. "मंगळवारी रात्री दीड वाजता नळाला पाणी आले. तेव्हा रांगेत एकेचाळीस हंडे होते. अडीच वाजता पाणी गेले. एकोणीस हंडे रिकामे राहिले." निवेदनपर परिच्छेदाचा कणा काळ हा असतो. त्यात मत घालू नये, विशेषणे घालू नयेत. वाचणाऱ्याच्या मनात विशेषण आपोआप उमटले पाहिजे.

हा परिच्छेद नीट लिहिता येणे आपल्यासाठी किती महत्त्वाचे आहे, हे अत्याचाराच्या फिर्यादीत कळते. आपला माणूस ठाण्यात जाऊन सांगतो, "जातीवरून शिव्या दिल्या, अपमान केला." हा निष्कर्ष झाला, निवेदन झाले नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनंतर कलम ३(१)(आर) आणि ३(१)(एस) यांखाली अपमान किंवा जातिवाचक शिवीगाळ 'लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी' झालेली असावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये एका खटल्यात म्हटले, की घराच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही. म्हणजे कोठे घडले, किती वाजता घडले, कोण उभे होते, नेमके कोणते शब्द उच्चारले गेले, हे क्रमाने सांगणाऱ्या चार वाक्यांवर खटल्याचे भवितव्य अवलंबून राहू शकते. फिर्याद लिहून झाल्यावर ती आपल्याला वाचून दाखवली गेली पाहिजे आणि तिची प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे, हा आपला हक्क आहे. वाचून दाखवली जात असताना कार्यकर्त्याने हेच ऐकावे : निवेदन पूर्ण आहे काय?

दुसरे काम वर्णनाचे. निवेदनात काळ पुढे सरकतो. वर्णनात तो थांबतो आणि आपण स्थिती दाखवतो. "नळ उघड्या गटारापासून दोन हातांवर आहे. तोटी नाही. खाली फरशी नाही; हंडा चिखलात ठेवावा लागतो. नळापर्यंतच्या बोळात दिवा नाही." वर्णनाला दिशा असावी लागते. दुरून जवळ किंवा वरून खाली, पण एकदा धरलेली दिशा सोडू नये. काय दाखवायचे आणि काय गाळायचे, हे उद्देशावरून ठरते. येथे सूर्यास्ताचे वर्णन शोभेचे ठरेल. बोळातल्या अंधाराचे वर्णन पुराव्याचे ठरते, कारण त्या बोळातून मुली रात्री दीड वाजता जातात.

आपल्या परंपरेत याचा फार जुना दाखला आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ती किती वेगवेगळी कामे करते ते विद्यार्थ्यांनी पाहावे. वेद वाचण्याचा हक्क आम्हांला नाही, तर मग आमचा धर्म कोणता, हा तिचा युक्तिवाद आहे. पेशवाईत आपल्या लोकांचे काय केले गेले, हे निवेदन आहे. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायांची अवस्था, हे वर्णन आहे. आणि आपल्या जातबांधवांना शिकण्याची हाक, हे आवाहन आहे. शाळकरी मुलीच्या लेखणीला हे साधले, कारण कोणत्या ठिकाणी सांगायचे, कोणत्या ठिकाणी दाखवायचे आणि कोणत्या ठिकाणी प्रश्न विचारायचा, याची जाण तिला होती.

तिसरे काम विवरणाचे, म्हणजे कारणे उलगडून दाखवण्याचे. "वस्तीत वीस घरे होती तेव्हा अर्ध्या इंचाची नळी टाकली गेली. आज साठ घरे आहेत आणि नळी तीच आहे. आमची वस्ती या नळीच्या शेवटच्या टोकाला आहे. वरच्या भागातले पंप बंद झाल्याशिवाय येथे दाब येत नाही. म्हणून पाणी मध्यरात्रीनंतर येते." विवरणपर परिच्छेदात 'म्हणून' आणि 'कारण' हे शब्द खरे काम करतात. तो वाचला की दुःख दैवाने आलेले नाही, त्याला शोधता येण्याजोगे कारण आहे, हे दिसते. बुद्धाचा प्रतीत्यसमुत्पाद मानणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको.

'काय घडले' आणि 'का घडले' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या वेगवेगळ्या सिद्ध कराव्या लागतात. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ साली सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, परंतु अत्याचार प्रतिबंधक कायदा या गुन्ह्याला लागू होतो असे मानले नाही. २०१० साली उच्च न्यायालयानेही मानले नाही. हत्या सिद्ध झाली, जात सिद्ध झाली नाही. हा लेखनातला दोष होता असे मी म्हणत नाही; त्याची कारणे तपासात आणि व्यवस्थेत आहेत. मला एवढेच सुचवायचे आहे, की आपल्याला जे उघड दिसते ते इतरांना उघड दिसत नाही किंवा पाहायचे नसते. म्हणून 'का' हा प्रश्न निवेदनाच्या शेपटाला बांधून चालत नाही. त्याला स्वतंत्र परिच्छेद आणि स्वतंत्र पुरावा द्यावा लागतो.

विवरणाला जोडून तुलनेचा परिच्छेद येऊ शकतो. "याच प्रभागात रस्त्यापलीकडील सोसायटीला रोज दोन तास पाणी येते, आम्हांला एक तास, तेही एक दिवसाआड." तुलनेची अट एकच : माप तेच असले पाहिजे. त्यांचे तास आणि आपले हंडे अशी तुलना केली, की समोरचा तीच फट धरून सगळा अर्ज बाजूला सारतो.

३

चौथे काम युक्तिवादाचे. हे आपले आवडते काम आणि येथेच आपण अधिक चुकतो. आपण आपलेच म्हणणे चढत्या आवाजात पुन्हा सांगतो. युक्तिवादाचा परिच्छेद मात्र समोरच्याचे म्हणणे स्वीकारून नव्हे, पण ऐकून घेऊन सुरू होतो. "वस्ती अनधिकृत असल्यामुळे जादा नळ देता येत नाही, असे आम्हांला सांगण्यात येते. परंतु पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये असे म्हटले आहे, की पाण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीवनाच्या हक्काचा भाग आहे आणि केवळ वस्ती बेकायदा आहे म्हणून तेथील रहिवाशांना पाणी पूर्णपणे नाकारता येत नाही." प्रतिपक्ष, उत्तर, आधार. एवढ्या तीन पायऱ्या.

या परिच्छेदाचे शिक्षण घ्यायचे तर बाबासाहेबांपाशी घ्यावे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेले भाषण मंडळाला मानवले नाही, परिषद रद्द झाली, आणि बाबासाहेबांनी ते १९३६ साली स्वतः छापून प्रसिद्ध केले. त्या 'जातिनिर्मूलन'ची बांधणी पाहा. आधी सामाजिक सुधारणेपेक्षा राजकीय सुधारणा श्रेष्ठ मानणाऱ्यांशी वाद, मग आर्थिक सुधारणा पुरे म्हणणाऱ्या समाजवाद्यांशी वाद, मग जात ही श्रमविभागणी आहे असे म्हणणाऱ्यांचा समाचार, मग वंशशुद्धीवाल्यांचा. प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांकाचे प्रकरण. प्रतिपक्षाचे म्हणणे ते आधी मांडतात, तेही त्याच्या बळकट रूपात. मग त्याचा एकेक खांब काढतात. चार प्रतिपक्ष एका परिच्छेदात कोंबले असते तर कोणालाच पुरे उत्तर मिळाले नसते. शिवी दिल्याने प्रतिपक्ष दुखावतो. त्याचे म्हणणे नीट मांडून खोडले, की त्याला पुन्हा उभे राहणे कठीण जाते.

पाचवे काम सांध्याचे. एका कामाकडून दुसऱ्या कामाकडे जाताना एकदोन वाक्यांचा छोटा परिच्छेद पुलासारखा टाकावा. "आतापर्यंत स्थिती सांगितली. आता आमच्या मागण्या सांगतो." हे वाक्य कोणाला कलाहीन वाटेल. पण आपल्या जलशांतही गाणे संपले की शाहीर दोन वाक्ये गद्यात बोलून पुढचा विषय काढी, तेव्हाच शेवटच्या रांगेतल्या माणसाला पुढचे गाणे कशाविषयी आहे ते कळे. वाचकालाही तेवढी सोय द्यावी.

सहावे काम मागणीचे. येथे अर्ज आणि लेख यांच्या वाटा वेगळ्या होतात. लेखाच्या समारोपात विचार पुढे नेता येतो, प्रश्न खुला ठेवता येतो. अर्जात तसे करता येत नाही. "(१) वस्तीसाठी आणखी दोन नळ द्यावेत. (२) अर्ध्या इंचाची नळी बदलावी. (३) पाण्याची वेळ पहाटे पाचनंतरची करावी. (४) या अर्जावर काय कारवाई झाली ते लेखी कळवावे." मागणीत कारण घालू नये, संताप घालू नये. ती मोजता आली पाहिजे, म्हणजे पूर्ण झाली की नाही हे आपल्यालाही सांगता येईल.

याचाही मोठा दाखला आपल्या घरातच आहे. १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे बाबासाहेबांनी संविधान सभेसाठी जे निवेदन तयार केले ते 'राज्ये आणि अल्पसंख्याक' म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात हक्कांच्या तरतुदी कलमांच्या रूपात आधी येतात आणि त्यांमागील कारणे शेवटी परिशिष्टातल्या खुलाशांत येतात. म्हणजे ज्याला फक्त 'काय हवे' ते पाहायचे आहे त्याला कारणांच्या गर्दीत शिरावे लागत नाही, आणि ज्याला 'का हवे' ते तपासायचे आहे त्याच्यासाठी खुलासा तयार आहे. शेती आणि प्रमुख उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, इतकी स्फोटक मागणी त्या निवेदनात आहे. ती इतक्या शांत मांडणीत आहे, म्हणूनच आज पाऊणशे वर्षांनीही तिच्यावर बोट ठेवून वाद घालता येतो.

४

क्रमांक घातलेल्या परिच्छेदाविषयी थोडे वेगळे सांगितले पाहिजे, कारण तो आपल्या घराघरांत आहे. १९५७ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झालेला 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ उघडून पाहा. खंड, भाग, प्रकरण आणि त्याखाली लहान लहान परिच्छेद, प्रत्येकाला क्रमांक. विहारात एकाने वाचावे आणि इतरांनी ऐकावे, कोणी शंका काढली तर क्रमांक सांगून तेवढाच भाग पुन्हा वाचावा, अशी ही सोय आहे. नव्याने अक्षर शिकलेल्या माणसाला एका बैठकीत तीन क्रमांक वाचता येतात आणि उद्या चौथ्यापासून पुढे जाता येते. मांडणी वाचकाच्या स्थितीवरून ठरते, हे यातून शिकावे.

कार्यालयीन लेखनातही क्रमांकाचा असाच उपयोग आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाबाबत महाराष्ट्राने २०१२ साली केलेल्या नियमदुरुस्तीत एक अर्ज, एक विषय आणि साधारण १५० शब्द अशी मर्यादा घातली. तिच्यावर टीका झाली आणि ती रास्त होती. पण मर्यादा आली की कौशल्य लागते. १५० शब्दांत प्रस्तावना लिहू नये. कोणत्या कालावधीची, कोणत्या कामाची, कोणती कागदपत्रे हवीत, एवढेच क्रमांक घालून लिहावे. संताप पत्रकासाठी राखून ठेवावा.

५

येथे एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. ही सारी शिस्त प्रस्थापितांची आहे. दलित साहित्याने तर साचे मोडले. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ने (१९७२) वाक्याची सभ्यताच उधळून लावली. मग तुम्ही आमच्या मुलांना पुन्हा चौकटीत का बसवता?

माझे उत्तर असे. साचा मोडणे आणि साचा ठाऊक नसणे या दोन गोष्टी एक नाहीत. आपल्या थोर लेखकांनी रूप निवडले आहे, ते त्यांच्यावर येऊन पडलेले नाही. जोतीरावांनी 'गुलामगिरी' (१८७३) धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादात लिहिली, कारण शिकणाऱ्याच्या शंकेला तेथे स्वतःची जागा मिळते. गोपाळबाबा वलंगकरांनी 'विटाळ विध्वंसन'मध्ये धर्ममार्तंडांपुढे प्रश्न ठेवले, कारण उत्तराची जबाबदारी त्यांच्यावर टाकायची होती. त्याच वलंगकरांनी १८९४ साली महारांच्या लष्करभरतीसाठी विनंतीअर्जाचा मसुदा केला, तेव्हा रूप बदलले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला, तोही अशाच समजेने. आपल्या लेखनाच्या इतिहासात कवितेइतकाच अर्जही जुना आहे. तो आपण वाङ्मय मानला नाही, म्हणून त्याची कला शिकवली नाही.

दुसरे असे, की आत्मकथनात एका दमात सांगितलेला तीन पानांचा परिच्छेद योग्य ठरू शकतो. ज्याला आयुष्यभर कोणी बोलू दिले नाही तो बोलू लागला की थांबत नाही. ते न थांबणे हाच तेथे आशय असतो. त्याला कात्री लावणारा संपादक अरसिक म्हणावा लागेल. पण तोच दम फिर्यादीत घातक आहे. कोठे थांबायचे नाही आणि कोठे थांबायचे, हे लिहिणाऱ्याने ठरवावे. ते ठरवता येणे हेच स्वातंत्र्य. ज्याला एकच रूप येते त्याला निवड नसते.

शिक्षक मित्रांना एक विनंती आहे. 'पावसाळ्यातील एक दिवस' लिहायला देऊन प्रस्तावना, मध्य आणि समारोप असे तीन तुकडे मागणे आता सोडावे. त्याऐवजी मुलांना त्यांच्याच वस्तीतला एक प्रश्न द्यावा आणि त्याच प्रश्नावर पाच परिच्छेद मागावेत : काय घडले, काय दिसते, का होते, विरोधक काय म्हणतो व त्याला उत्तर काय, आणि आपली मागणी काय. मग प्रत्येक परिच्छेदाच्या समासात त्याचे काम दोन शब्दांत लिहायला सांगावे. दोन कामे लिहावी लागली तर परिच्छेद तोडावा. एकही लिहिता आले नाही तर तो गाळावा. मी हे वर्गात करतो. गाळण्याची वेळ बहुधा पहिल्याच परिच्छेदावर येते, ज्यात मानवजातीच्या आरंभापासून सुरुवात केलेली असते.

आमच्या नळाचे पुढे काय झाले, हे सांगून थांबतो. तो अर्जाने आला नाही. वस्तीतल्या बायकांनी रिकामे हंडे घेऊन मोर्चा नेला तेव्हा आला, तोही एकच. अर्जाची जागा मोर्चाच्या आधी आहे आणि नंतरही आहे, पण मोर्चाऐवजी नाही. त्या दिवशी साहेबांनी शिष्टमंडळाला पाच मिनिटे दिली. या वेळी मी लिहिलेला कागद एका पानाचा होता आणि शेवटी क्रमांक घातलेल्या मागण्या होत्या. साहेबांनी वरचे काही वाचले नाही; नजर सरळ खाली गेली. मावशींना अक्षर येत नव्हते. पण साहेबांनी दुसरी मागणी टाळून तिसरीवर उडी मारली तेव्हा त्यांनीच बोट ठेवले आणि म्हणाल्या, "साहेब, मधलं राहिलं."

मी त्यांना तो कागद आदल्या रात्री तीनदा वाचून दाखवला होता. मागण्या चार आहेत, एवढे त्यांच्या पक्के ध्यानात होते.